देवबागला नववर्षाची बुडी

१ जानेवारी, रात्री साडेनऊ. देवबाग, ता. मालवण

केस अजून दमट आहेत आणि वहीच्या पानांवर वाळू सांडतेय. बाकीचे पडवीत पत्ते कुटतायत. उद्या परतीची गाडी, आवराआवरीत लिहायचं राहूनच जाईल, म्हणून खळ्यात दिव्याखाली येऊन बसलेय.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी आम्ही सहा जण नेदरलँड्समध्ये, आम्ही राहतो त्या हेगच्या किनाऱ्यावर, शेव्हेनिंगेनला, कुडकुडत उभे होतो. तिथे १ जानेवारीला दुपारी बारा वाजता हजारो माणसं एकदम उत्तर समुद्रात धावत शिरतात आणि तशीच ओरडत बाहेर येतात. मग वाटाण्याचं दाट, गरमागरम सूप. आम्हीही शिरलो होतो. पायाला बोटं आहेत की गेली, तेही कळत नव्हतं. सूपचा कप दोन्ही हातांत धरून आमचा मालवणकर म्हणाला, "पुढच्या वर्षी ही बुडी आमच्या घरामागे."

असे बेत तिकडे दर शनिवारी ठरतात. याच्या गावी हुरडा, तिच्या गावी जत्रा. ठरतात आणि विरतात, कारण सहा जणांच्या रजा कधी एकत्र येत नाहीत. या वेळी पाच जणांच्या आल्या. नागपूरच्या मैत्रिणीला मात्र सुटी मिळाली नाही. विमानतळावर ती आम्हाला सोडायला आली होती, आणि तिनेच सगळ्यांसाठी संत्र्याची बर्फी करून दिली होती. ते फार लागलं मनाला.

मुंबईहून कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून एसटीने मालवण. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा मालवणकर शाळेत होता. त्याआधी मुंबईहून गावी यायचं म्हणजे रात्रभर घाटाची वळणं आणि पोटात ढवळणं, असं तो सांगत होता. आम्ही मात्र झोपेतच बोगदे ओलांडले. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं होती आणि त्यांच्यावर धुकं.

देवबाग म्हणजे जमिनीची एक लांबोळकी पट्टी. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मालवणकराच्या घराच्या पुढच्या दारातून खाडीची होडी दिसते आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की माडांखालून सरळ पुळणीवर. रात्री अंथरुणावर पडलं की लाटांचा आवाज जमिनीतून येतोय असं वाटतं.

मालवणकराच्या घरच्या काकी दारातच उभ्या होत्या. "इलंस रे झिला!" एवढंच म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग आमच्याकडे वळून, "आधी जेवूक बसा, गजाली मगे." ताटात बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, उकड्या तांदळाचा भात आणि कोकमाचं आगळ घालून केलेली गुलाबी सोलकढी. आमच्यातल्या लातूरकराने तिरफळ चावलं आणि जीभ बधिर झाल्यावर पाच मिनिटं नुसता डोळे विस्फारून बसला. काकी हसता हसता खाली बसल्या.

चार वर्षं मी मालवणकराला ओळखते. हेगमध्ये तो सगळ्यांत कमी बोलणारा. ऑफिसात, ट्राममध्ये, आमच्या गप्पांतसुद्धा एखादंच वाक्य, तेही मोजून मापून. इथे पाऊल ठेवल्यापासून त्याचा आवाज दुप्पट झालाय. रस्त्यात दर चार पावलांवर कुणीतरी हाक मारतं, आणि हा कुंपणाशी उभा राहून मालवणीत अर्धा अर्धा तास बोलतो. मी पहिल्या दिवशी नुसती बघतच राहिले. इतकी वर्षं आम्ही त्याला शांत स्वभावाचा समजत होतो!

परवाची सकाळ मला जन्मभर पुरेल. साडेसहाला त्याने आम्हाला हलवून उठवलं. पुळणीवर रापण लागली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकून ठेवलेलं, त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही टोकांना वीस-पंचवीस माणसं दोर ओढतायत. आम्ही कडेला उभे राहून फोन काढले, तोच एक तात्या ओरडले, "बगतास काय? हात लावा!"

लावले. दोर ओला, जाड, वाळूने खरबरीत झालेला. एका हाकेला सगळ्यांनी मागे रेलायचं, पुढच्या हाकेला हात सरकवायचा. पहिल्या दहा मिनिटांत तळहात लाल झाले. त्यानंतर दुखणं कळेनासं होतं, कारण पुढच्या माणसाची पाठ आणि आपला श्वास एका लयीत येतो. दोन्ही टोकं हळूहळू जवळ सरकत आली, घारी खाली उतरल्या. शेवटी जाळ्याचा मधला पिशवीसारखा भाग उथळ पाण्यात आला तेव्हा आत पाणी उकळल्यासारखं फडफडत होतं. तारल्या, बांगडे, बारकी कोळंबी, काचेसारखी एक जेलीफिश. तारलीची पाठ इतक्या जवळून मी कधी पाहिली नव्हती. हिरवट निळी, आणि बाहेर काढल्यावर बघता बघता तो रंग मावळतो.

तात्यांनी सांगितलं, हे काहीच नाही. पूर्वी एका ओढीला माणसं कमी पडायची. मोठ्या जाळ्याने मासळीचा अख्खा थवा घेरणारे पर्ससीनवाले आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणारे आले, आणि किनाऱ्यापर्यंत मासळी पोचेनाशी झाली. पर्ससीनवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. तरी तात्या रात्री इथूनच ते दिवे बघतात. त्यांचा आवाज चढला नाही, पण दोराची वेटोळी करणारे हात थांबले होते. मला फार वाईट वाटलं. निघताना त्यांनी एका पिशवीत आठ-दहा तारल्या घालून माझ्या हातात दिल्या. नको म्हटलं तर म्हणाले, "ओढलास मां? मगे तुमचो वाटो तुमी घेवन जावा." दोराला हात लावणाऱ्याचा वाटा असतो, तो नाकारायचा नसतो.

काल सिंधुदुर्ग. मालवणच्या जेटीवरून होडीने पोचायला फार वेळ लागत नाही. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. तट बघितला, शिवराजेश्वराच्या देवळात हात जोडले. पण लातूरकर अडकला तो विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध गोडं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, तेव्हा याचे आईवडील तिथेच होते. तो कठड्यावर हात टेकून आत बघत राहिला. आम्ही पुढे गेलो नाही, त्याच्या शेजारी थांबलो. होडीवाल्याच्या हाका ऐकू येत होत्या, तरी कुणी घाई केली नाही.

आणि आज. दुपारी ओहोटीला पुळणीवर बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी घातली होती. बिळापासून सगळीकडे किरणांसारख्या पसरलेल्या ओळी, एकेक गोळी मोहरीएवढी. वाळूतलं खाणं चाळून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, आणि पाणी हटलं की पुन्हा सुरू. आम्ही पाचही जण त्या नक्षीला पाय न लावता, उड्या मारत पाण्यापर्यंत गेलो.

हेगचे बारा म्हणजे आपले साडेचार. चार पंचविसाला नागपूरच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती एकटीच शेव्हेनिंगेनला गेली होती, टोपी घालून, त्या गर्दीत. मागे राखाडी आभाळ आणि वाऱ्याचा घुं घुं आवाज. काकी फोन धरून पुळणीवर उभ्या राहिल्या, तिकडे गर्दीतल्या कुणीतरी तिचा फोन धरला. तिकडची गर्दी उलटी मोजायला लागली. आम्ही तिच्याबरोबर मराठीत मोजलं. पाच, चार, तीन, दोन, एक. आणि सहाही जण एकदम धावलो.

इकडचं पाणी अंगाला कोमट. मी डोक्यावरून लाट घेतली, उठले, पुन्हा घेतली. लातूरकर मोठमोठ्याने ओरडत होता. मालवणकर पार आत पोहत गेला आणि तिथून हात हलवत राहिला.

बाहेर आलो तेव्हा काकींच्या हातातल्या फोनवर तीही परत आली होती. ओठ निळसर, दात वाजतायत, टॉवेल गुंडाळलेला, हातात सूपचा कप. केसांतून पाणी गळत होतं. "कसं... आहे... पाणी... तिकडचं?" तिने विचारलं. आम्ही उत्तर द्यायच्या आत काकींनी फोन तोंडाजवळ नेला.

"अगो बाय माजे, आदी केस पूस. मगे बोल!"