छत्तीसचा आकडा

शनिवार, रात्र

आज त्रिकोण काढायचा होता, आणि तास संपला तेव्हा आम्ही सगळे पाढ्यांत जाऊन पडलो होतो. विसरायच्या आत लिहून ठेवते.

शाळा भोर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून पट वीसच्या आत. समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करण्याची, चर्चा निघाली की गावात पहिली धडधड होते ती या शाळेसाठी. ‘आनंददायी शनिवार’ हा सरकारी उपक्रम आल्यापासून मला वेळापत्रकात हक्काची जागा मिळाली आहे. पुण्याहून निघून, कापूरहोळला वळून पोचेपर्यंत परिपाठ आटोपलेला असतो. ऑफिसात मोडीत निघालेले लॅपटॉप मागून आणले, त्यांत स्क्रॅच टाकलं, म्हणजे रंगीत ठोकळे जोडून पडद्यावरच्या मांजराला हुकूम द्यायचं मुलांचं कोडिंग. एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. एका लॅपटॉपवर तीन-तीन पोरं. वीज असली तर उत्तम, नसली तर बॅटरी संपेपर्यंत.

ठोकळ्यांवरचं इंग्रजी कुणी वाचत नाही. रंगावर काम चालतं. निळा म्हणजे चालणं-वळणं, पिवळा म्हणजे सुरुवात, नारिंगी म्हणजे पुन्हा पुन्हा. “अरे निळा घे ना, नारिंगीच्या पोटात टाक,” असं पहिलीतलं पोरही चौथीतल्याला ऐकवतं.

चौरस मागेच जमला होता. शंभर पावलं चाल, नव्वद अंश वळ, असं चार वेळा. त्यामुळे त्रिकोण म्हणजे सगळ्यांना हातचा मळ वाटत होता. चाराला नव्वद, तर तिनाला कमीच लागणार, हा चौथीचा सरळ तर्क. ६० टाकून पाहिलं. मांजराने तीन रेघा मारल्या आणि पडद्यावर आडवी पडलेली कढई उमटली. ४५ टाकलं, कढई आणखी फाकली. ३० टाकलं तर विचारूच नका. कुणालाही आकडा वाढवून बघावासा वाटेना.

शेवटी बाईंनी सगळ्यांना पटांगणात काढलं. फक्कीने मोठा त्रिकोण आखला आणि एकाला मांजर केलं. बाकीच्यांनी हुकूम सोडायचे, मांजराने सांगितलं तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. मांजर पहिल्या कोपऱ्यापर्यंत गेलं.

“आता वळ.”

“किती?”

“थोडं.”

ते थोडं वळलं आणि त्रिकोण सोडून थेट पाण्याच्या टाकीकडे चालायला लागलं. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. “अजून वळ. अजून. अरे अजून!” पुढच्या रेघेवर नाक यायला त्याला जवळजवळ मागेच वळावं लागलं. तेव्हा कुठे एकजण म्हणाला, “हे तर काटकोनापेक्षा जास्त झालं.” की सगळे वर्गात पळाले. १००, ११०, १२५, आणि मग १२०. रेघेला रेघ मिळाली.

समभुज त्रिकोणाचा आतला कोन ६० अंशांचा, पण मांजराला आतल्या कोनाशी देणंघेणं नाही. कोपऱ्यावर आल्यावर सरळ जाण्याऐवजी किती वळायचं एवढंच त्याला कळतं, म्हणजे १८० वजा ६०. हे सांगायला मी खडू उचललाही होता. बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं.

कारण तिसरीतली एक पोरगी काहीतरी पुटपुटत होती. एरवी ही चौथीवाल्यांच्या खांद्यांवरून डोकावण्यातच समाधानी असते.

“मोठ्याने म्हण,” बाई म्हणाल्या.

“नऊ चोक छत्तीस. बारा त्रिक छत्तीस.” मग जरा थांबून, “दोन्हीकडे छत्तीसच येतंय, बाई.”

त्यापुढे वर्ग आवरेना. छत्तीस अजून कुठे कुठे येतं? सहा सक छत्तीस. म्हणून सहा वेळा साठ, आणि मघाची अर्धवट कढई पुरी होऊन षटकोन झाला. चार नव्वे छत्तीस, म्हणून नऊ वेळा चाळीस. इथे शंभर पावलं जास्त झाली, मांजर खालच्या कडेला जाऊन अडकलं. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० चा, त्याबाहेर त्याला जाता येत नाही. पावलं चाळीसवर आणली तेव्हा नऊ बाजू मावल्या, आणि त्या खरंच नऊ आहेत का हे पडद्याला बोट लावून मोजून झालं. पाचावर गाडी अडली, कारण पाचाच्या पाढ्यात छत्तीस येत नाही. मग कुणीतरी शून्याची आठवण काढली, पाटीवर ३६० भागिले ५ केलं, ७२ आले, पंचकोन झाला. सातावर बाकी तीन उरली. ५१ टाकून काढलं तर शेवटी बारीकशी फट राहिली. ती फट म्हणजेच ती तीनची बाकी, हे पोरांनी ज्या सहजपणे मान्य केलं ते बघून मीच चाट.

चौथीतला एकजण आहे, गणिताशी छत्तीसचा आकडा असलेला. तो मागून म्हणाला, “अठरा दुणे पण छत्तीसच.” सगळे खिदळले. दोन बाजूंचा कसला आकार! त्याने मुकाट्याने दोन आणि १८० टाकलं. मांजर गेलं, वळलं, त्याच रेघेवरून परत आलं.

“काहीच नाही झालं,” शेजारची म्हणाली.

“झालं की. घरी आलं ना?”

पाढे म्हणजे घोकंपट्टी, असं आमच्या ऑफिसातले शिक्षणप्रेमी तावातावाने सांगत असतात. सोमवारी जेवणाच्या टेबलावर मी त्यांना ही गोष्ट सांगणार आहे. पाढा तोंडात तयार नसता तर चार-नव्वद आणि तीन-एकशेवीस हे त्या पोरीला दोन सुटे आकडेच दिसले असते. त्यांचं काही नातं असेल आणि ते शोधावं, असं मनातही आलं नसतं.

ही गंमत तशी जुनी आहे. सीमोर पेपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो नावाची भाषा केली. पुढे त्यात एक कासव आलं, ते असंच हुकमावर चालायचं. चौरस, त्रिकोण असा आकार पुरा करून कासव पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करून उभं राहिलं की एकूण वळण ३६० अंश, हे पेपर्टने मांडून ठेवलंय. पेपर्ट गणितज्ञ, मुलं कशी विचार करतात याचा अभ्यास करणाऱ्या पियाजेबरोबर जिनीव्हाला काम केलेला. मुलाने कॉम्प्युटरला शिकवावं, कॉम्प्युटरने मुलाला नव्हे, हा त्याचा आग्रह. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये बाहेर पडलेलं स्क्रॅच त्याच घराण्यातलं. बारा त्रिक छत्तीस ऐकून पेपर्ट खूश झाला असता असं आपलं मला वाटतं.

सुट्टीत फाटकाशी एक आजोबा भेटले. “ताई, यानं आमची नात पुण्याला कंपनीत लागंल का हो?” लॉकडाऊनमध्ये सहा-सात वर्षांच्या पोरांना कोडिंग शिकवून लखपती करायच्या जाहिराती येत होत्या, त्यांचा माग इथवर आलाय. “ते आत्ताच कसं सांगणार आजोबा, पण गणिताला घाबरणार नाही,” एवढंच म्हटलं. इंग्लंडने २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांनाही कम्प्युटिंग सक्तीचं केलं. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे ते सहावीपासून पुढे. माझा कौल आपल्या धोरणाला. चौथीच्या पोराला कोडिंग आलंच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. मी जाते ती आजच्यासारख्या तासासाठी, आणि असा तास क्वचितच हाती लागतो. एरवी बराच वेळ मांजराचे रंग बदलण्यात आणि म्याव म्याव वाजवण्यात जातो. उलटं होऊन चालणारं मांजर तर त्यांना इतकं आवडतं की ते सुलट करायचा ठोकळा दाखवला की नाराज होतात.

शिवाय आजचा तास माझा नव्हताच, बाईंचा होता. मी आठवड्याची पाहुणी. कुणाचे पाढे पक्के, कुणाला कधी बोलतं करायचं, कुणाला आज घरून मार पडलाय, हे मला कुठून कळणार? बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत एक लॅपटॉप घरी नेला होता. पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची, माहिती भरून उरलेल्या वेळात सगळं स्वतः करून पाहिलं. कंपनीतल्या कुणाला असं शिकवायला जायचं असेल तर मी हल्ली एकच सांगते, पहिले काही शनिवार पोरांना हात लावू नका, बाईंना किंवा गुरुजींना धरा.

निघताना पोरांनी पुढची मागणी ठेवली. २६ जानेवारीला पडद्यावर तिरंगा हवा, चक्रासकट. भिंतीवरच्या झेंड्याच्या चित्रात आरे मोजले गेले, २४. ३६० भागिले २४, पंधरा. स्क्रॅचच्या वळायच्या ठोकळ्यात मुळातच १५ लिहिलेलं असतं, त्यामुळे हे मांजराला आधीच ठाऊक होतं असा एक सिद्धान्त निघाला. अडचण आऱ्याची. मध्यापासून बाहेर जायचं आणि परत मध्यावर यायचं. मी उणे शंभर पावलं सांगितली असती, पण उणे संख्या अजून त्यांच्या पुस्तकात नाही. तर अठरा दुणेवाला म्हणाला, “माझं घ्या की.” जा, १८० वळ, परत ये, १८० वळ, मग १५. वेळ संपली म्हणून चालवून बघायचं राहिलं, पण चालणार.

मघाशी साडेदहाला बाईंचा मेसेज आला. त्यांनी हिशेब केलाय. एका आऱ्याला ३७५ अंश, २४ आऱ्यांचे ९०००, म्हणजे ३६० च्या २५ पट. “छत्तीस मोडला नाही, पंचवीस वेळा आला. एक फेरी जादा कुठली, ते तिसरीवालीला विचारू का?”

विचारा म्हटलं. आणि चौथ्या लॅपटॉपचा चार्जर शाळेतच राहिलाय, तो कपाटात ठेवायला सांगितलं.