एमव्हीपी कुणाचा?

आज सकाळी रंकाळ्यावर चालून झाल्यावर मिसळ खायला बसलो आणि मामेभावानं जुना विषय उकरला. २०२४-२५ चा एनबीएचा (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूचा मान, ओक्लाहोमाच्या शे गिल्जस-अलेक्झांडरला दिला ते बरोबर होतं का? कट दोनदा मागवला, ब्रेड संपला, वाद संपेना.

माझं मत तेव्हाही डेन्व्हरचा निकोला योकिच होतं, आजही तेच. मॅचमागे सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), १०.२ असिस्ट (बास्केट करून देणारा पास). अख्ख्या मोसमाची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दहा किंवा वर, आणि तीही सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जागेवरून! आधी कुठल्याच सेंटरला हे जमलं नव्हतं. भाऊ ब्रेडचा तुकडा कटात बुडवत शांतपणे म्हणाला, "भावा, ओक्लाहोमानं ६८ मॅच जिंकल्या, डेन्व्हरनं ५०. शेची सरासरी ३२.७ गुण, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टीमला वर नेणाऱ्याला द्यायचं का नाही?" मतंही तशीच पडलेली, मत देणाऱ्या १०० पैकी ७१ जणांची पहिली पसंती शे.

मग मी २०१७ काढलं. ओक्लाहोमाच्याच वेस्टब्रूकची टीम ४७ मॅचच जिंकली होती, तरी ट्रिपल-डबलच्या सरासरीवर त्यालाच मिळाला. त्याला एक माप, योकिचला दुसरं? भाऊ जरा गप्प झाला.

शेजारच्या टेबलावर एक काका बसलेले, शाहू स्टेडियमवर आयुष्यभर फुटबॉल बघितलेले. म्हणाले, "ज्याला बाहेर काढला की टीम ढासळते, तोच मोठा खेळाडू." योकिच बाकावर बसला की डेन्व्हरचं काय व्हायचं, ते आम्ही दोघांनी पहाटे उठून बघितलंय. भावाला तेवढं पटलं. शेला दिला ते चुकलं, असं मात्र तो अजून म्हणत नाही.