एक ग्रॅम सोनं आणि शेवटचं युनिट

पेपर तपासायला बसलो की दरवर्षी मनातल्या मनात एक खेळ खेळतो. नॅनोटेक्नॉलॉजीचा प्रश्न आला की डोळे मिटायचे आणि उत्तर म्हणून टाकायचं, नॅनो म्हणजे दहाचा उणे नववा घात, नॅनो मटेरियल हलकं असतं, मजबूत असतं, मेडिसिन, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉस्मेटिक्समध्ये वापरतात. डोळे उघडले की समोर तेच. मार्क द्यावेच लागतात, चूक काहीच नसतं ना. आणि दोष पोरांचाही नाही, आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला फिजिक्समध्ये हे युनिट अगदी शेवटी येतं, तोवर सबमिशनची गडबड सुरू झालेली असते, मग आम्ही दोन लेक्चरमध्ये पीपीटी पळवतो. पहिली स्लाइड फाइनमन या शास्त्रज्ञाचं १९५९ चं भाषण, दुसरी फुटबॉलसारख्या कार्बनच्या रेणूची, पुढे ॲप्लिकेशन्स. मीही पळवलीय, बारा वर्षं.

यावर्षी ठरवलं की काहीतरी करूनच दाखवायचं. सगळ्यात सोपं म्हणजे सोन्याचे नॅनोकण, टर्केविच नावाच्या माणसाने १९५१ मध्ये दिलेली रेसिपी आहे, गोल्ड क्लोराइडचं पातळ द्रावण उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं, बास. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नको, धूळ नसलेली क्लीनरूम नको, हॉटप्लेट आणि बीकर पुरे. फक्त बीकर आधी अम्लराजाने, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक ॲसिडच्या जहाल मिश्रणाने, धुऊन चकाचक करून घ्यायचं, ते काम वाफा ओढून घेणाऱ्या हूडमध्ये आणि आपण स्वतः करायचं, पोरांच्या हातात द्यायचं नाही.

मागणीपत्र ऑफिसला गेलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन. "सर, लॅबला सोनं कशाला पायजे?" म्हणलं सोनं नाही हो, सोन्याचा क्षार, एकच ग्रॅम, त्यातही निम्मंच वजन सोन्याचं. "मग बाकी निम्म्याचे पैसे कशाला द्यायचे?" आता यावर काय बोलणार. तीन कोटेशन, एक खुलासा आणि दीड महिना, एवढ्यावर ती इवलीशी बाटली आली. किंमत बघून प्रिन्सिपल सरांच्या भुवया वर गेल्या, पण हिशोब मांडून दाखवला की १०० मिलिलिटरच्या एका बॅचला साधारण १० मिलिग्रॅम लागतो, म्हणजे एका ग्रॅममध्ये १०० बॅच होतात, तेव्हा सही मिळाली.

आणि मग तो दिवस. उकळतं पाणी फिकट पिवळं, सायट्रेट टाकलं तसं पिवळेपण गेलं, मग करडं, काळपट निळं, पोरं म्हणायला लागली सर फसलं, आणि बघता बघता जांभळं होत होत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक! सोनं लाल. मागच्या बाकावरची एक पोरगी पार पुढे आली आणि म्हणाली, सर, मग पिवळं सोनं खोटं का हे खोटं? बारा वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग फळ्याकडे वळलो, की एवढ्या बारीक कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एका तालात झुलतात, हिरवा भाग गिळला जातो, उरतो तो लाल. त्यात चिमूटभर मीठ टाकलं की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर होतो. धातू तोच, रंग ठरतो तो आकारावर. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवरची लाल रेघ म्हणजे बहुतेक वेळा हेच सोनं, हे सांगितल्यावर वर्गात खसखस पिकली, पण लक्षात राहिलं, ते महत्त्वाचं.

सरफेस टू व्हॉल्यूम रेशो, म्हणजे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग किती, हा परीक्षेतला हमखास प्रश्न, तोही यावेळी फळ्यावर वेगळा केला. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या, सगळ्या बाजूंचं क्षेत्रफळ मिळून ६ चौरस सेंटीमीटर. त्याच ठोकळ्याचे एक नॅनोमीटरचे तुकडे केले तर एकूण ६००० चौरस मीटर. म्हणजे किती, तर जवळजवळ दीड एकर. आमची निम्मी पोरं शेतकऱ्यांच्या घरची, दीड एकर म्हणल्यावर चेहरे बदलले. खडीसाखरेच्या खड्यात दीड एकर रान! मग कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, बारीक का करतात हे वेगळं सांगावं लागलं नाही.

माझं मत विचाराल तर बी.टेक. ला नॅनोटेक्नॉलॉजी ही वेगळी ब्रँच करण्यात फारसा अर्थ नाही, नाव भारी वाटतं म्हणून ॲडमिशन घेतात आणि प्लेसमेंटला विचारतात तू मेकॅनिकल का ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्यापेक्षा सिव्हिलवाल्याला सिमेंटमध्ये नॅनोसिलिका दाखवा, मेकॅनिकलला कोटिंग दाखवा, ईएनटीसीवाल्याला सांगा की मोबाइलच्या जाहिरातीतलं ३ नॅनोमीटर हे आता फक्त पिढीचं नाव आहे, आत चिपवर ट्रान्झिस्टरच्या एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचं अंतर त्याच्या दहापटीहून जास्त असतं. मोठी मशिनरी आपल्याला परवडत नाही हे खरंय, पण आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीने बाहेरच्या कॉलेजांतल्या लोकांसाठी नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या लॅब उघडून दिल्यात, केंद्र सरकारच्या योजनेतून, ट्रेनिंग पण देतात. आमच्याकडून अजून कुणी गेलेलं नाही. मी तरी कुठे गेलोय म्हणा.

गोल्ड क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून बाटली फोडल्या फोडल्या सगळं १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून अंधाऱ्या कपाटात ठेवलं, दरवेळी एक मिलिलिटर काढायचा. मार्चएंडला भाऊसाहेब स्टॉक रजिस्टर घेऊन आले, एक ग्रॅम आवक दिसते सर, शिल्लक दाखवा. मी कपाट उघडून बाटली दाखवली.

"यात तर पाणीच दिसतंय."

"त्यातच आहे सगळं."

भाऊसाहेबांनी पेनचं टोपण लावलं. "म्हणजे पाण्यात गेलं म्हणा की सर."