एए29 ची नाल अखेर 2097 ला वळली, आणि घोळ निघाला चंद्राचा

सापडला एकदाचा. माझ्या लघुग्रहाच्या सिम्युलेशनमधला, तीन आठवडे डोकं खाणारा बग काल रात्री दीड वाजता सापडला, आणि तो इतका बावळट निघाला की सांगायला लाज वाटतेय, पण तुमच्यातलं कोणीतरी याच खड्ड्यात पडणार म्हणून लिहून टाकतो.

मागच्या अपडेटमध्ये 2002 एए29 या लघुग्रहाची हॉर्सशू, म्हणजे घोड्याच्या नालेसारखी दिसणारी वाट, काढत होतो. हा गडी मुद्दाम निवडला होता, कक्षा जवळजवळ गोल, त्यामुळे रोटेटिंग फ्रेममध्ये (म्हणजे पृथ्वी एका जागी धरून बघितलं तर) नाल स्वच्छ दिसते, क्रुइथ्ने या लघुग्रहासारखं भेंडोळं होत नाही. जानेवारी 2003 मध्ये हा पृथ्वीच्या पुढे होता, 59 लाख किमीवर आला, पृथ्वीने मागे खेचला, ऊर्जा गेली म्हणून आतल्या कक्षेत घसरला आणि आत गेला म्हणून उलट जास्त जोरात पळत सुटला. (मागे खेचलं की पुढे पळतो, हे कितीदा बघितलं तरी मला मजाच येते.) आता अख्खी फेरी मारून 2097 ला तो पृथ्वीला मागून गाठणार आणि परत वळणार. माझ्या सिम्युलेशनमधला मात्र 2097 ला पृथ्वीच्या चाळीसेक अंश मागेच रेंगाळत होता, वळायला 2110 उजाडत होतं.

मग जे सगळे करतात ते सगळं केलं. टाइमस्टेप चार दिवसांवरून एक दिवस, मग सहा तास. काही फरक नाही. डब्ल्यूएचफास्ट हा झटपट इंटिग्रेटर (कक्षा पायरीपायरीने मोजणारा प्रोग्राम) सोडून हळू पण अचूक आयएएस15 लावला, तो आपल्या गतीने दळत बसला आणि दळून पुन्हा 2110 च दिलं. शुक्र, गुरू, शनी सगळे आत होतेच, तरी बुधही घातला, रिलेटिव्हिटीची करेक्शन घातली. 2110. दोन इंटिग्रेटर एकच चुकीचं उत्तर देतायत म्हणजे गणित ठीक आहे, इनपुट सडकं आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं, पण मी आणखी चार दिवस प्लॉटिंगच्या कोडवर संशय घेत बसलो.

शेवटी वैतागून सुरुवातीची तारीख बदलली. आठवडाभर पुढची घेतली तर उत्तर एकदम बरोबर! आणखी आठवडाभर पुढे गेलो तर गडी 2080 च्या दशकातच पृथ्वीला गाठून मोकळा. एकच लघुग्रह, एकच कोड, तीन तारखा, तीन उत्तरं. कॅलेंडर उघडलं तर पहिली तारीख पौर्णिमा, दुसरी अष्टमीच्या आसपास, तिसरी अमावस्या. अक्षरशः खुर्चीतून उठलो.

झालं असं की नासाच्या होरायझन्स या ग्रहस्थितींच्या सेवेतून मी 399 नंबर घेत होतो, म्हणजे नुसत्या पृथ्वीचं केंद्र, आणि चंद्र सिम्युलेशनमध्ये नव्हताच. पण पृथ्वी स्वतः चंद्रासोबतच्या सामाईक केंद्राभोवती सेकंदाला साधारण 12 मीटरने डुलत असते. पौर्णिमेला हे डुलणं बरोब्बर तिच्या चालीच्या उलट दिशेला, अमावस्येला चालीच्या दिशेला, आणि अष्टमीला आडवं, म्हणून तेव्हा काही बिघडत नाही. चंद्र नसला की ही क्षणिक डुलकी कायमची तिच्या कक्षेत घुसते. 29.8 किमीच्या वेगात 12 मीटर म्हणजे काय असं वाटेल, पण हिशेब केला तर कक्षेची त्रिज्या 0.0008 एयूने (एक एयू म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) चुकते, म्हणजे सव्वा लाख किमी, आणि पौर्णिमेची तारीख असली तर पृथ्वीचं वर्ष 11 तासांनी आखूड होतं. दरवर्षी 11 तास, 94 वर्षं: चाळीसेक अंश. नालेचा सगळा खेळच 0.007 एयूच्या आसपासचा, त्यात आपण दहा टक्क्यांहून जास्त चूक पहिल्याच ओळीत घालून बसलेलो.

इलाज एका आकड्याचा. 399 च्या जागी 3, म्हणजे पृथ्वी-चंद्राचं बॅरीसेंटर (तेच सामाईक केंद्र), आणि वस्तुमान दोघांचं मिळून. रन केलं, 2097 ला सुरेख वळला. तो प्लॉट मी सकाळपासून पाच-सहा वेळा उघडून बघितलाय.

चंद्र वेगळा घालायचा असेल तर डब्ल्यूएचफास्टच्या नादी लागू नका, चंद्र पृथ्वीला बांधलेला आहे हे त्याच्या गावीच नसतं. आयएएस15 घ्या आणि रात्रभर मशीन चालू ठेवा. माझं मत विचाराल तर हजारेक वर्षांपर्यंत बॅरीसेंटर पुरे.

पुढचा प्लॅन कामोओआलेवा या लघुग्रहाचा होता, चीनचं थ्येनवेन-2 यान तिकडे निघालेलंच आहे तर क्वासी-सॅटेलाइटचा (ग्रहाभोवती फिरल्यासारखा दिसतो, पण फिरतो सूर्याभोवतीच) लूप काढून ठेवू म्हणून. पण लिहिता लिहिता वाटतंय आधी शुक्राचा क्वासी-सॅटेलाइट झूझवे करावा. शुक्राला चंद्रच नाही, म्हणजे ही भानगडच नाही, आणि पोस्टरवर '2002 व्हीई' चुकीचं वाचल्यामुळे मिळालेलं नाव 2024 मध्ये अधिकृत झालं, अशा गड्याला नाही म्हणवत नाही.

थांबा. 2010 टीके7 या लघुग्रहाचा टॅडपोल (बेडकाच्या पिल्लासारखी दिसणारी वाट), जो मी एवढा मिरवला होता, तोही 399 वरच काढलेला. त्याचा पीरियड 395 वर्षांशी जुळत नव्हता आणि मी 'क्लोन्स (सुरुवात किंचित बदललेल्या प्रती) कमी पडले' म्हणून सोडून दिलं होतं. आत्ता तारीख बघितली. अमावस्येनंतर दोन दिवस. झूझवे राहू दे, टीके7 परत लावतोय.