ग्राफिक कार्ड कुठलं घेऊ विचारलं की मी अर्थिंगचं का विचारतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे दरवेळी फोनवर तेच तेच नको.

"दादा, ७० हजारांत पीसी असेंबल करायचाय, ग्राफिक कार्ड कुठलं घेऊ?" आठवड्यातून एकदा तरी हे येतंच. आणि मी उलटं विचारतो की मशीन ज्या खोलीत ठेवणार तिथल्या स्विचबोर्डला अर्थिंग आहे का, आणि एसएमपीएससाठी, म्हणजे भिंतीतली वीज मशीनच्या पार्टना लागेल तशी करून देणाऱ्या डब्यासाठी, किती पैसे ठेवलेत. मग समोरचा गप्प होतो, नाहीतर म्हणतो ते बघू की नंतर, आधी कार्ड सांगा. एकाने तर तोंडावर विचारलं की माहीत नाही म्हणून टाळताय का. नाही ओ. कार्डचं मला चांगलं माहीत आहे, पोटच त्याच्यावर आहे माझं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी सांगलीत. पण सुरुवात मी कार्डपासून करत नाही, कारण माझी पहिली मशीन मी कार्डपासूनच सुरू केली होती.

२०२२ चा पावसाळा. त्याआधी दोन वर्षं क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर बिटकॉइनसारखी नाणी कमावणाऱ्यांनी, कार्डांचे भाव असे चढवून ठेवले होते की आमच्यासारख्यांनी दुकानात विचारायचंसुद्धा सोडलं होतं, आणि तेव्हा कुठे भाव उतरायला लागले होते. ७५ हजार जमवले, महालक्ष्मीने रात्री निघालो, सकाळी दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडची दुकानं उघडेपर्यंत तिथेच चहा पीत बसलो. खिशात वहीचा कागद, त्यावर पार्टची यादी. सगळ्यात वर ग्राफिक कार्ड, आरटीएक्स ३०६०, बारा जीबीवालं, दोनदा अधोरेखित. त्याखाली प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ, मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क. आणि सगळ्यात शेवटी, मला तो कागद अजून दिसतो, "कॅबिनेट + एसएमपीएस". एका ओळीत. म्हणजे कॅबिनेटमध्ये जो येईल तो.

आता त्या १२४००एफबद्दलही सांगतो, कारण एडिटिंग करणारी पोरं हीच चूक करतात. १२४०० आणि १२४००एफ दोन्हीत कोअर तेवढेच, सहा. एफमध्ये आतलं ग्राफिक्स बंद असतं म्हणून दीड-दोन हजार स्वस्त मिळतो. मला वाटलं कार्ड घेतोयच तर आतलं कशाला हवं. पण हल्ली लग्नाच्या शूटिंगला येणारे बरेच कॅमेरे एच २६५ मध्ये दहा बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती भरलेलं, फुटेज देतात आणि ते ३०६० ला हार्डवेअरमधून वाचताच येत नाही, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला येतं. म्हणजे हजारोंचं कार्ड बाजूला बसलेलं आणि टाइमलाइन अडकत अडकत चाललेली. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉप्या, बनवून काम भागवलं, पण प्रत्येक लग्नामागे तास गेले. गेमिंगवाल्याला एफ चालतो, एडिटिंगवाल्याने घेऊ नये. झालं हे. यात नुकसान वेळेचं होतं, माणसाचं नव्हतं.

कॅबिनेट मात्र काचेचं घेतलं, पुढे तीन रंगीत फॅन. लोक म्हणतात तिथे पैसे घातलेस आणि एसएमपीएसला नाहीस. हो घातले. पार्टी एडिटिंगला शेजारी येऊन बसते, नवरीचा भाऊ, मामा, सगळे, आणि पहिल्यांदा त्यांची नजर मशीनवर जाते. चमकणारी मशीन बघून ॲडव्हान्स देताना हात अडत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा त्या खर्चाला मी आजही वाया गेला म्हणणार नाही.

एसएमपीएसवर लिहिलं होतं ५०० वॅट. आठ पिनची कार्डची वायरच नव्हती त्याला, दुकानदाराने शंभर रुपयांत मोलेक्सवरून, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या चार पिनच्या वायरवरून, जोडायचा कनेक्टर दिला आणि म्हणाला, "चलता है, सब यही लगाते हैं." घरी आणून जोडलं, चालू झालं, आणि सात महिने चाललं. एवढंच की पाय उघडे असले आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. आई म्हणायची शॉक बसतोय, मी म्हणायचो स्टॅटिक आहे गं.

फेब्रुवारी २०२३, लग्नसराई, रात्री दीडची वेळ. मिरजेच्या एका लग्नाचा फायनल एक्सपोर्ट लावून मी बाजूच्या खाटेवर आडवा झालो होतो. खटका पडल्यासारखा आवाज आला, स्क्रीन गेली, एमसीबी पडला आणि जळक्या वासाने खोली भरली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसच्या जाळीतून धूर येत होता. त्याच टॉर्चमध्ये मी पहिल्यांदा त्याच्या कडेचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनला १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघं याच लाइनवर जगतात. एकटं ३०६० भरात आलं की १७० वॅट घेतं, १२४०० टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, ११७ पर्यंत जातो. झाले २८७. एक्सपोर्टला दोघंही भरात असतात. हा गुणाकार आणि ही बेरीज चौथीतल्या पोराला येते. मी सात महिने त्या लेबलाकडे बघितलंच नाही.

मदरबोर्ड गेला, एसएसडी गेली, हार्ड डिस्क गेली. कार्ड आणि रॅम वाचले. हार्ड डिस्क पुण्याला रिकव्हरीवाल्याकडे नेली, त्याने चार दिवस ठेवून घेतली आणि हात वर केले. लग्नाच्या दिवसाची मेमरी कार्डं दुसऱ्या कॅमेरावाल्याकडे होती, त्यामुळे मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी मिळालं. हळद गेली. आदल्या दिवशीची पूर्ण हळद माझ्या एकट्याच्या कॅमेऱ्यात होती आणि ती कार्डं मी पुढच्या ऑर्डरला फॉरमॅट केली होती.

फोनवर सांगता आलं असतं. गेलो. नवरीच्या वडिलांनी या, बसा म्हणून आत घेतलं, त्यांना वाटलं पेनड्राइव्ह द्यायला आलोय. चहा आला, बरोबर लाडू, लग्नातलेच असावेत. मी कप हातात धरून सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. नवरीची आई दारात उभी होती, तिने एवढंच विचारलं, "जात्यावरच्या ओव्या पण गेल्या का ओ?" हळदीला तिच्या सासूबाई जात्यावर बसून दोन ओव्या म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज बारीक म्हणून मी माइक अगदी जवळ नेऊन धरला होता. हो म्हणालो. मग काकांनी विचारलं राहिलेले पैसे किती द्यायचेत. मी नको म्हणालो, ते तीनदा म्हणाले घ्या, तुमची मेहनत आहे. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित हे सगळं आतापर्यंत विसरलो असतो.

आता तुमच्यातलाच एक मित्र म्हणतो की दोष एसएमपीएसचा नाही, तुझा आहे, एकच कॉपी ठेवलीस, बॅकअप असता तर फक्त मदरबोर्ड गेला असता. बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. कधीकधी मलाच वाटतं की मी फॉरमॅटचं बटण दाबलेलं विसरायला एसएमपीएसचं एवढं बोलतो. आता तीन ठिकाणी कॉपी असते, पैसे पूर्ण चुकते होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करत नाही. पण तेव्हाचा मी अजून डोक्यात भांडतोच, की अजून एक हार्ड डिस्क घ्यायला पैसे होते कुठे. होते रे. रंगीत फॅनमध्ये होते. आणि वर मीच लिहिलंय की तो खर्च वाया नव्हता.

नवीन एसएमपीएस ६५० वॅटचा घेतला, ब्राँझवाला. ब्राँझ, गोल्ड बघून पण फसू नका, तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतलं प्रोटेक्शन कसं आहे ते नाही. बारा व्होल्टचे अँपिअर बघा, ओव्हर व्होल्टेज आणि ओव्हर करंटचं प्रोटेक्शन लिहिलंय का बघा, वॉरंटी किती वर्षांची ते बघा. तर हा चांगला एसएमपीएस लावला, आणि मुंग्या परत आल्या.

तेव्हा वायरमन बोलावला. त्याने मीटरची एक पिन कॅबिनेटच्या स्क्रूला आणि दुसरी मागच्या नळाच्या पाइपला लावली, १०८ व्होल्ट. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीकसा करंट जमिनीत जातो, नसेल तर पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर लटकत राहतो. मग वायरमनने स्विचबोर्ड उघडला. तिसऱ्या होलच्या मागे वायरच नव्हती. तीस वर्षांचं घर, सगळीकडे थ्री पिन सॉकेट, आणि मागे काही नाही. अंगणात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ, वायर आतपर्यंत. चार हजार गेले, मुंग्या गेल्या. आईला सॉरी म्हणालो.

मग रेडीमेडच का घेत नाही, असंही विचारता. कारण त्या रात्रीनंतर माझं कार्ड, रॅम, कॅबिनेट तसंच राहिलं, फक्त गेलेलं बदललं. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, बाजारातला बसत नाही. शिवाय जोडताना प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते माहीत होतं. घ्या तुम्ही रेडीमेड, माझं काही म्हणणं नाही, पण अर्थिंग त्यालाही लागतं.

परवा तासगावचा आतेभावाचा मुलगा, बारावी झालेला, यादी घेऊन मागे लागलाय. मी म्हटलं आधी मशीन जिथे ठेवणार तिथला प्लग पॉइंटचा फोटो पाठव. फोटो आला. एक्स्टेंशन बोर्डचा थ्री पिन प्लग, त्याची वरची जाड पिन कापलेली, भिंतीतल्या टू पिनमध्ये बसावा म्हणून. फोन केला तर म्हणाला, "ते बाबांनी कापलंय, फ्रीज पण त्याच्यावरच चालतो, काही होत नाही. काका, कार्डचं सांगा ना."

कार्डचं सांगितलं नाही अजून. रविवारी वायरमनला घेऊन तासगावला जातोय.