आमची वाटचाल: एका दाताचं गणित

आम्ही फोर व्हील गाड्यांच्या एक्सलमधले गियर बदलून देतो. गाडी शेडमध्ये आली की आम्ही आधी खडू शोधतो. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, टायरवर एक रेघ आणि जॉइंट शाफ्टवर, म्हणजे एक्सलला फिरवणाऱ्या दांड्यावर, एक रेघ मारायची. दोन पोरांनी दोन बाजूंनी चाकं बरोबरीनं दहा फेरे फिरवायची आणि तिसऱ्यानं खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजायचे. एक्केचाळीस भरले तर रेशो ४.१०, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे. मग हेच पुढच्या एक्सलला. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून वैतागतं. "भाऊ, पुस्तकात लिहिलं आहे न! मोजून काहून राहिले?" पुस्तकात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं लिहिलेलं असतं. आमच्याकडे येईपर्यंत ती तिसऱ्या मालकाकडे असते, आणि मधल्या दोघांनी कुठं काय बसवलं हे पुस्तकाला माहीत नसतं.

मी हे काम नागपूरला कामठी रोडवर एका उस्तादांकडे शिकलो. आयटीआय झालं नव्हतं, दहावीत गणित राहिलं होतं, आणि घरचे म्हणाले निदान हाताला काम असू दे. उस्तादांकडे मिलिटरी लिलावातल्या जुन्या जीप यायच्या, क्वचित जबलपूरची जोंगा. त्या जीपच्या मागच्या हाउसिंगात, म्हणजे एक्सलच्या कवचात, क्राउनला (चाकांकडचं मोठं चक्र) ४३ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारं शाफ्टकडचं लहान चक्र) ८, म्हणजे रेशो ५.३८. साठच्या वर गेली की इंजिन रडायला लागायचं, पण चढावर भिंत दिसली तरी थांबायची नाही. दातांची संख्या म्हणजे गाडीचा स्वभाव, एवढं मला तिथं कळलं. गणितात नापास झालेल्या माणसाला भागाकार आवडायला लागला तो असा.

उस्ताद शेंदूर वापरायचे. मारुतीला लावतात तोच. तेलात कालवून ब्रशनं क्राउनच्या पाच-सहा दातांवर लावायचा, क्राउनला लाकडी ठोकळ्यानं थोडा अडसर द्यायचा आणि पिनियन पान्यानं फिरवायचं. दातावर जिथला शेंदूर पुसला जाईल तिथं पिनियनचा दात टेकतो. डाग दाताच्या डोक्याकडे गेला तर पिनियन क्राउनपासून दूर आहे, शिम (पातळ पत्र्याची चकती) वाढवून आत घ्या. मुळाशी उतरला तर फार आत आहे, शिम काढा. शिम म्हणजे तरी किती? पाच थाऊची, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाची, वहीच्या पानाएवढी. तेवढ्यासाठी बेअरिंग पुन्हा उपसायचं, पुन्हा प्रेसवर चढवायचं. एकदा मी सातव्यांदा बेअरिंग काढलं आणि म्हटलं, "उस्ताद, इतना तो चलता है." त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, टॉर्च माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बता, कहाँ बैठा है?" डाग अजून डोक्याकडेच होता. आठव्यांदा काढलं.

शेंदूर शिशाचा असतो, म्हणून आता आम्ही तयार मार्किंग पेस्ट वापरतो. बाकी पद्धत तीच.

स्वतःची शेड वाडीला टाकली. वाडीच का, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको, ट्रान्सपोर्टवाल्यांची सगळी वस्ती तिथं. पहिली काही वर्षं ट्रकचे आणि टेम्पोचे डिफरन्शियलच केले, म्हणजे एक्सलच्या मधले गियरचे गोळे. घर्रघर्र आवाज येतो, बेअरिंग बदला. सील गळतं, सील बदला. पोट भरलं. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, एवढंच की सौ.नं तिचे दोन तोळे मोडून हायड्रॉलिक प्रेस घेऊन दिला. तो प्रेस अजून चालू आहे. तोळे अजून परत केलेले नाहीत.

धंदा वळला तो टायरमुळे. फोर व्हील पिकप घेणारे लोक वाढले. खाणीचे ठेकेदार, काटोल-कळमेश्वरकडचे संत्र्याचे बागायतदार, पेंच-उमरेडच्या जंगलालगत काम असलेले. काळ्या मातीत पावसानंतर चाकोरी इतकी खोल पडते की मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियलचा गोळा घासतो. एक्सल वर न्यायचा एकच सरळ मार्ग, मोठा टायर. स्प्रिंगखाली ठोकळे टाकून बॉडी वर जाते, पण गोळा तिथंच राहतो, कारण तो चाकांच्याच उंचीला बांधलेला. म्हणून २३५/७५ आर १५ मापाचा टायर काढून लोक ३१ इंची टायर चढवायला लागले. आणि दोन-चार महिन्यांनी आमच्याकडे यायला लागले की गाडी ओढत नाही, क्लच प्लेट जळून राहिली.

हिशेब साधा आहे. जुना टायर साधारण २८.९ इंच उंच. नवा ३१. एका फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त पुढे जाते, म्हणजे इंजिनाला प्रत्येक गियरमध्ये सात टक्के वर चढवल्यासारखं झालं. टॉप गियर डायरेक्ट धरला, म्हणजे इंजिनाचे आणि शाफ्टचे फेरे सारखे, आणि एक्सल ४.१० चा, तर ताशी ८०ला इंजिन आधी मिनिटाला २३७० फेऱ्यांच्या आसपास फिरत होतं, ते आता २२१० वर येतं. रिकाम्या गाडीत हायवेवर हे बरंच वाटतं, डिझेलही वाचल्यासारखं होतं. पण क्रेट भरून बागेतून बाहेर निघताना ड्रायव्हर काय करतो? क्लच अर्धा दाबून रेस देतो. प्लेट तिथं जाते. प्लेट बदलणारा प्लेट बदलून देतो, मूळ दुखणं टायरात असतं आणि त्याचं औषध एक्सलात.

४.१० म्हणजे क्राउनला ४१, पिनियनला १०. पिनियनचा एक दात कमी केला, ४१ आणि ९, की झाले ४.५६. त्याच ८०ला इंजिन २४६० च्या आसपास. गेलेली ओढ परत येते, वर थोडी जास्त मिळते. ओझं नेणाऱ्या गाडीला ती लागतेच. एका दातासाठी एवढा उपद्व्याप आहे. पिनियनचा आणखी एक दात काढून ४.८८ सारख्या रेशोवर (क्राउनला ३९, पिनियनला ८) जायला लोक अधीर असतात, पण दात कमी झाले की पिनियनचं डोकं लहान होतं आणि ताकदही कमी होते. ३१च्या टायरला आम्ही ते करत नाही.

आता काटोलकडच्या त्या पिकपची गोष्ट. सांगायला बरं वाटत नाही, पण आमचा धंदा तिच्यावरच उभा आहे.

बागायतदार ओळखीचे, वयानं मोठे. एका वर्षात दोन क्लच प्लेटा झाल्या होत्या. मी दोन्ही एक्सलचा भाव सांगितला. ते म्हणाले, "अरे, फोर व्हील मी वर्षातून पंधरा दिवस लावतो. आता मागचं करून दे, पुढचं हंगाम झाल्यावर पाहू." पुढचा सेट तसाही दिल्लीच्या काश्मिरी गेटहून यायला वेळ लागणार होता. मला माहीत होतं. उस्तादांनी शिकवलेलं होतं. पण शेडचं भाडं दोन महिन्यांचं थकलं होतं आणि समोर काम उभं होतं. मी मागचं ४.५६ करून दिलं, पुढचं ४.१० तसंच ठेवलं, आणि दहा वेळा सांगितलं की फोर व्हीलच्या लिव्हरला हात लावायचा नाही. लिव्हरला लाल चिंधीसुद्धा बांधली.

ड्रायव्हर नवा होता. भर पावसात गाडी बागेत रुतली, त्यानं चिंधी सोडून लिव्हर ओढला. चिखलात काहीच झालं नाही. चिखलात चाकं घसरतात, फरक घसरण्यात जिरतो. गाडी सुरेख बाहेर आली. तो तसाच डांबरी रस्त्याला लागला.

फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा जॉइंट शाफ्ट एकत्र बांधले जातात, दोघांचे फेरे सारखे. पण मागं ४.५६ आणि पुढं ४.१०, म्हणजे मागच्या चाकानं शंभर मीटर कापले की पुढचं चाक एकशे अकरा मीटर जायला पाहतं. एकाच गाडीची दोन चाकं वेगळं अंतर कसं जाणार? कोरड्या डांबरावर टायर घसरतही नाही. मग शाफ्ट पिळत जातात, जसा ओल्या चादरीला पीळ भरतो. त्या पोरानं मध्येच लिव्हर काढायचा प्रयत्न केला होता, पण पीळ भरला की लिव्हर अडकून बसतो. त्याला वाटलं पुढं सुटेल. सुटला नाही. ट्रान्सफरची, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला ओढ वाटून देणाऱ्या पेटीची, चेन तुटली आणि तिच्या फटक्यानं पेटीच्या केसला भेग गेली. तेल रस्त्यावर.

गाडी टो करून वाडीला आली. बागायतदार काका ओरडले असते तर सोपं झालं असतं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तुले माहीत होतं न बाबू?" मी हो म्हटलं.

ट्रान्सफर आमच्या खर्चानं झाला, पुढचा एक्सलही आमच्या खर्चानं. त्या वर्षी दिवाळीला पोरांना कपडे सौ.च्या माहेरून आले. तुटलेल्या चेनचा तुकडा काउंटरवर आहे. येणारे विचारतात, मी सांगतो.

तेव्हापासून एक एक्सल आम्ही उघडत नाही. दोन्ही करायचे, नाहीतर गाडी घेऊन जायची. यानं बरीच कामं गेली. दुप्पट भाव ऐकून माणूस उठतो, आणि शहरात मागचंच करून देणारे आहेत. त्यांच्याकडून बिघडून आलेली गाडीही आम्ही घेतो, पण त्यातही अट तीच.

काम म्हटलं तर चार-पाच दिवसांचं. क्राउन आणि पिनियनची जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून तयार केलेली असते, दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असतो. तो जुळला नाही तर सेट परत. काही हाउसिंगात एका ठराविक रेशोच्या पुढं गेलं की जुना केज, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा, चालत नाही, क्राउन पिनियनपर्यंत पोचतच नाही, नवा केज घ्यावा लागतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितलं नाही तर भावावरून भांडण ठरलेलं. बॅकलॅश, म्हणजे दोन्ही चक्रांच्या दातांमधली मोकळीक, डायल गेजवर पाहतो, कंपनीच्या मापात, बहुतेक वेळा सहा-आठ थाऊ. क्राउनचे बोल्ट नवे, लॉकिंगचं औषध लावून, टॉर्क पान्यानं. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, हे काम पहाटे पाचला सुरू करतो, कारण अकरानंतर शेडच्या पत्र्याखाली हाउसिंगला हात लावता येत नाही आणि तापलेल्या लोखंडावर मोजलेलं माप मला पटत नाही.

गाडी देताना गिऱ्हाइकाला जे सांगतो ते त्याला आवडत नाही. पहिले पंधरा-वीस मिनिटं हळू चालवायची, मग थांबून गोळा पूर्ण थंड होऊ द्यायचा. पहिले आठशे किलोमीटर ओझं नाही, ट्रॉली नाही. त्यानंतर तेल बदलायला परत यायचं, जीएल-५ दर्जाचंच गियर तेल. तेलात चांदीसारखी बारीक भुकटी दिसेल, ती असू द्या. तुकडा दिसला तर फोन करा. संत्र्याच्या ऐन हंगामात आठशे किलोमीटर रिकामी गाडी कोण फिरवणार? म्हणून बागायतदारांची कामं आम्ही शक्यतो उन्हाळ्यात घेतो.

स्पीडोमीटरचं लोक हमखास विचारतात. केबल ट्रान्सफरवरून असेल तर नुसता टायर मोठा केल्यावर खऱ्या साठला काटा छपन्न दाखवतो. ४.५६ बसवलं की बासष्ट. मला दुसरी चूक बरी वाटते, चलान तरी होत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ तपशिलात वाटेल तसा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कंपनीनं दिलेल्या मापाबाहेरचा टायर असेल तर आम्ही आधी गिरीपेठला आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे विचारून या म्हणतो. काटोलच्या गाडीच्या वेळी हे मी विचारलं नव्हतं. आता मुलगी विचारते. ती हिशेब बघते, इंजिनिअरिंग करते, आणि टायरचं माप टाकलं की रेशो काढून देणारी शीट तिनं मोबाइलवर केली आहे. माझा खडूचा हिशेब आणि तिची शीट अजून तरी जुळतात.

सध्या शेडमध्ये उमरेडकडच्या एका ठेकेदाराची पिकप उभी आहे. मागचा सेट गेल्या आठवड्यात आला, कपाटात कागदात गुंडाळून ठेवला आहे. पुढचा दिल्लीहून निघाला असं सांगतात. ठेकेदार म्हणतात तोपर्यंत मागचं तरी खोलून ठेवा, दोन दिवस वाचतील. काल त्यांचा तिसरा फोन आला. मुलीनं उचलला आणि सांगितलं, "काका, बाबा दोन्ही सेट आल्याशिवाय पाना लावत नाहीत."