चुरगळणारा ठोकळा घडवताना

तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवायची स्पर्धा) इम्पॅक्ट अटेन्युएटर माझ्याकडे आला. गाडीच्या नाकाशी बसणारा हा ठोकळा. धडक झाली की आधी यानं चुरगळायचं, मागे बसलेल्या ड्रायव्हरच्या पायांपर्यंत काही पोचू द्यायचं नाही. नियम असा, की ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगानं भिंतीवर आदळली असं धरायचं. म्हणजे ३०० किलो वजन अडीच मीटरवरून सोडल्यासारखं, ७३५० ज्यूल. बळाची सरासरी ५८.९ किलोन्यूटनच्या आत (२० जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या २० पट) आणि कमाल ११७.७ च्या आत (४० जी).

मला वाटलं, जेवढं भक्कम तेवढं सुरक्षित. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून २ मिलिमीटर अॅल्युमिनियम पत्र्याचा डबा वेल्ड करून आणला. सिव्हिलच्या लॅबमधल्या यूटीएमवर, म्हणजे वस्तू दाबून-ताणून बळ मोजणाऱ्या यंत्रावर, जिथे एरवी सळया ताणतात, तिथे तो ठेवला. लॅबच्या काकांनी व्हॉल्व्ह उघडला. काटा १३१ किलोन्यूटनवर गेला आणि फाडकन आवाज झाला. कोपऱ्याचं वेल्डिंग वरपासून खालपर्यंत उसवलं होतं. पुढच्या क्षणी बळ तीसच्याही खाली.

डबा किती दबला आणि त्याला किती बळ लागलं, त्या आलेखासमोर मी बराच वेळ बसले. शोषलेली ऊर्जा म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. सुळक्याखाली ते फारसं नसतं, लांबलचक पठाराखाली मिळतं.

मग अॅल्युमिनियम हनीकोंबकडे, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ कप्प्यांच्या पातळ पत्र्याकडे वळलो. खरी मेहनत इथे गेली. हनीकोंब साधारण ७० टक्के लांबीपर्यंत चुरगळतं, नंतर एकदम घट्ट होतं. नियमातली किमान लांबी, २०० मिलिमीटर, घेतली तर हाती १४० उरतात. ७३५० ज्यूल तेवढ्यात बसवायला ५२.५ किलोन्यूटन लागतात, वरची मर्यादा ५८.९. एवढ्या अरुंद फटीत मटेरियलचा थोडासा फरकही नडला असता. म्हणून लांबी २५० केली. रुंदी २००, उंची १००, आणि २.५ मेगापास्कलला चुरगळणारं हनीकोंब, म्हणजे सुमारे ५० किलोन्यूटन. सुरुवातीचा सुळका टाळायला एक टोक आधीच चार-पाच मिलिमीटर दाबून घेतलं. हे करायला विसरू नका.

अजून एक चूक वेळेत सापडली. ठोकळ्याच्या मागे, ड्रायव्हरच्या पायांपुढे बसणारी प्लेट आम्ही थेट यूटीएमच्या बेडवर टेकवणार होतो. पण प्लेटमागे किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर ती किती वाकते ते कळणारच कसं? बल्कहेडसारखी (गाडीच्या सांगाड्याची पुढची चौकट) फ्रेम बनवण्यात आठवडा गेला.

दुसऱ्या चाचणीत आवाज वेगळाच होता, बारीक, सलग कुरकुर. साडीच्या निऱ्या पडाव्यात तशा पत्र्याच्या घड्या एकावर एक बसत गेल्या. काटा पन्नासच्या आसपास स्थिर. १६० मिलिमीटर दाबल्यावर क्षेत्रफळ भरलं ७८४० ज्यूल. प्लेटवर पट्टी आडवी धरून व्हर्नियरनं बाक मोजला तर १४ मिलिमीटर, मर्यादा २५ ची. आमची ड्रायव्हर शेजारीच उभी होती, आकडा तिनंच वहीत लिहिला.